खेळाडूच्या मनाचा सल्लागार

आखाड्यात उतरणाऱ्या पठ्ठ्याच्या पाठीवर वस्ताद थाप मारतो आणि त्याच्या कानात दोन शब्द सांगतो. ते शब्द कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसतात. एका पठ्ठ्याला चेतवावे लागते, तर दुसऱ्याचे उसळणारे रक्त थंड करावे लागते. तिसऱ्याला काहीही न सांगणे हेच हिताचे असते. कोणाला काय सांगावे हे ज्याला कळते, तो मानसशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता त्या शास्त्राचा जाणकार झालेला असतो. सर्वच देशांतील क्रीडागुरूंपाशी ही विद्या पूर्वापार होती. ती अनुभवाने मिळत असे आणि बहुधा गुरूबरोबरच नाहीशी होत असे.

या विद्येचे शास्त्र करावे, आणि ते जाणणारा एक स्वतंत्र माणूस खेळाडूंच्या सोबतीस असावा, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची आहे. तिचा इतिहास सव्वाशे वर्षांहून फारसा मोठा नाही. आज ऑलिंपिक पथकांबरोबर वैद्य जातो, तसाच क्रीडा-मानसशास्त्रज्ञही जातो. तथापि या व्यवसायाला ही जागा सुखासुखी मिळालेली नाही. खेळाडूच्या मनात प्रवेश करणारा हा माणूस नेमका कोणाचा, खेळाडूचा की त्याला वेतन देणाऱ्या मालकाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे आरंभापासून उभा राहिला. त्या प्रश्नाच्या मागोव्याने गेले, तर या व्यवसायाचा इतिहास चांगला उलगडतो.

प्रारंभ सायकलीच्या शर्यतींपासून झाला. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाचा एक अभ्यासक होता. सायकलस्वार एकटा घड्याळाशी स्पर्धा करतो तेव्हाचा त्याचा वेग, आणि पुढे कोणी वाट काढणारा असतो किंवा शेजारी प्रतिस्पर्धी असतो तेव्हाचा वेग, यांत मोठे अंतर पडते, हे त्याला शर्यतींच्या नोंदींवरून दिसून आले. असे का व्हावे? वाऱ्याचा रोध कमी होतो हे एक कारण खरे. पण दुसऱ्याच्या सान्निध्याने अंगातील सुप्त शक्ती जागी होत असावी, असा तर्क त्याने केला. तो पडताळून पाहण्यासाठी त्याने मासे पकडण्याच्या गळाची चक्रे घेऊन एक साधे यंत्र बनविले आणि मुलांना ती चक्रे कधी एकट्याने, कधी जोडीने फिरवावयास लावली. पुष्कळ मुले जोडीदाराच्या सोबतीत अधिक वेगाने चक्र फिरवू लागली. परंतु काही मुले चुरशीच्या भरात गोंधळून गेली आणि त्यांचा हात उलट मंदावला, तर काहींवर कसलाच परिणाम झाला नाही. १८९८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. वस्तादाला जे पाठीवरच्या थापेतून कळत होते, ते या निबंधात प्रथमच आकड्यांनी मांडले गेले : एकच प्रसंग एकाला वर उचलतो आणि दुसऱ्याला खाली ओढतो.

युरोपातही हा विचार पसरत होता. आधुनिक ऑलिंपिक स्पर्धांचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तां यांच्या पुढाकाराने १९१३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे खेळाचे मानसशास्त्र आणि शरीरशास्त्र या विषयांवर एक परिषद भरली. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि क्रीडांगणांवरील तरुण खंदकांत गेले. युद्धानंतर हा विषय हाती घेऊन त्यालाच वाहून घेणारा पहिला मोठा मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत निघाला. त्याचे नाव कोलमन रॉबर्ट्स ग्रिफिथ.

ग्रिफिथ यांचा जन्म १८९३ सालचा. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळविली, आणि तेथेच अध्यापन करीत असता त्यांचे लक्ष खेळाडूंकडे वळले. विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे प्रमुख जॉर्ज हफ यांच्या आग्रहाने १९२५ साली तेथे खेळाच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. डोळ्याला खूण दिसल्यापासून हातपाय हलेपर्यंत किती वेळ जातो, स्नायू ताणलेले असताना आणि सैल असताना हालचालीत काय फरक पडतो, नवे कौशल्य अंगवळणी कसे पडते, अशा प्रश्नांसाठी ग्रिफिथ यांनी उपकरणे तयार केली. १९२६ साली ‘सायकॉलॉजी ऑफ कोचिंग’ आणि १९२८ साली ‘सायकॉलॉजी अँड ॲथ्लेटिक्स’ हे त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले.

पण ग्रिफिथ यांचे वैशिष्ट्य केवळ उपकरणांत नव्हते. ते खेळाडूंशी आणि प्रशिक्षकांशी बोलत. इलिनॉयचा रेड ग्रेंज हा अमेरिकन फुटबॉलमधील त्या काळचा अद्वितीय खेळाडू. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध त्याने पहिल्या बारा मिनिटांतच चार वेळा चेंडू अंतिम रेषेपार नेला होता. त्या धावा त्याने कशा काढल्या, असे ग्रिफिथ यांनी विचारले, तेव्हा ग्रेंजला आपल्या हालचालींचा तपशील जवळजवळ काहीच आठवेना. ज्या क्षणी त्याचे शरीर सर्वांत कुशलतेने वागत होते, त्या क्षणी त्याचे जाणते मन जणू बाजूला उभे होते. उत्तम गवई तान घेताना स्वर मोजीत नाही, तद्वतच हे आहे. पक्के मुरलेले कौशल्य आपोआप चालते, आणि त्यात विचार घुसला की ते अडखळते, हा पुढे शेकडो प्रयोगांचा विषय झालेला सिद्धांत ग्रिफिथ यांनी त्या संभाषणात हेरला.

नोत्र दाम विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी यांनाही त्यांनी पत्र लिहिले. सामन्यापूर्वी आवेशपूर्ण भाषण करून खेळाडूंना पेटवून देणारा प्रशिक्षक, अशी रॉकनी यांची ख्याती होती. उत्तरात रॉकनी यांनी कळविले की खेळाडूंना भावनेच्या भरात बेभान करण्याचा आपण प्रयत्न करीत नाही. खेळावर प्रेम करणारी मुलेच आपल्याला हवी असतात. लोकांत प्रचलित असलेली आख्यायिका आणि प्रत्यक्ष आचरण यांतील हे अंतर ग्रिफिथ यांना फार मोलाचे वाटले. थोर प्रशिक्षकांना शिकविणे हे मानसशास्त्रज्ञाचे कामच नव्हे, अशी त्यांची धारणा होती. थोरांना जे उपजत कळते ते नीट तपासावे, शब्दांत मांडावे आणि नवख्या प्रशिक्षकांच्या हाती द्यावे, एवढेच त्याचे काम. या व्यवसायाची याहून विनम्र व्याख्या क्वचितच कोणी केली असेल.

दुर्दैवाने ती प्रयोगशाळा टिकली नाही. आर्थिक मंदीच्या काळात विद्यापीठाचा हात आखडला आणि १९३२ साली तिचे दार बंद झाले. त्यानंतर सहा वर्षांनी ग्रिफिथ यांना एक विलक्षण निमंत्रण आले. ‘शिकागो कब्ज’ या व्यावसायिक बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिगली हे चघळण्याच्या गोंदाच्या व्यापारात कोट्यधीश झालेल्या घराण्यातले. आपल्या संघाला शास्त्राचा लाभ व्हावा म्हणून १९३८ सालच्या हंगामासाठी त्यांनी ग्रिफिथ यांना नेमले.

ग्रिफिथ चलच्चित्रण यंत्र आणि कालमापक घेऊन सरावाच्या मैदानावर गेले. त्यांनी खेळाडूंच्या हालचाली टिपल्या, त्यांचे स्वभाव न्याहाळले. सरावाचा पुष्कळसा वेळ खरोखर कोणतेही कौशल्य न वाढविता खर्ची पडतो, प्रत्यक्ष सामन्यातील दडपण सरावात आणल्याशिवाय तो सराव सामन्यात उपयोगी पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज कोणताही प्रशिक्षक ते मान्य करील. परंतु संघाचे मॅनेजर चार्ली ग्रिम यांना हा प्राध्यापक मुळीच रुचला नाही. हंगामाच्या मध्यावर ग्रिम यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी गॅबी हार्टनेट आले. त्यांनीही दाद दिली नाही. खेळाडूंची कुशलता जन्मजात असते, ती शिकवून वाढत नाही, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना शिक्षणशास्त्र काय सांगणार? त्या वर्षी संघाने आपल्या लीगचे विजेतेपद मिळविले. मात्र अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजकडून त्याचा सपशेल पराभव झाला. यशाचे वा अपयशाचे माप ग्रिफिथ यांच्या पदरी कोणीच घातले नाही. १९४० च्या सुमारास हा प्रयोग संपला. सहाशेहून अधिक पृष्ठांचे त्यांचे अहवाल कागदोपत्री राहिले.

हा प्रयोग का फसला? मॅनेजरांचा हट्ट हे कारण उघडच आहे. पण आणखी एक कारण त्या अहवालांच्या पत्त्यातच आहे. ते जात होते मालकाकडे. मैदानाच्या कडेला बसून टिपणे घेणारा हा मनुष्य मॅनेजरच्या व खेळाडूंच्या गुणदोषांची नोंद त्यांच्या धन्याला धाडीत होता. ग्रिफिथ यांचा हेतू शुद्ध असेलही; परंतु ज्याच्या लेखणीने नोकरी जाऊ शकते, त्याच्यापुढे कोण मन मोकळे करील? वैद्याने नाडी पाहावी आणि रोग सावकाराला कळवावा, तशातलाच हा प्रकार होता.

हाच धडा वीस वर्षांनी दुसऱ्या खंडात, अधिक नाट्यमय रीतीने, पुन्हा गिरविला गेला. १९५८ साली स्वीडनमध्ये फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा होती. १९५० साली रिओ येथे, मायभूमीवर, उरुग्वेकडून झालेला पराभव ब्राझीलच्या जिव्हारी लागला होता. कौशल्य असूनही आपले खेळाडू मनाने कच्चे पडतात, अशी समजूत त्या देशात रूढ झाली होती. म्हणून या वेळी पथकाबरोबर ज्वाऊं कार्व्हाल्याइस हे मानसशास्त्रज्ञ पाठविण्यात आले. त्यांनी पूर्वी साऊँ पाउलो येथील सार्वजनिक वाहनांच्या चालकांची निवड करण्यासाठी मानसिक चाचण्या वापरल्या होत्या. त्यांनी खेळाडूंना चित्रे काढावयास लावली, प्रश्न विचारले आणि निष्कर्ष काढले. पेले यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, हा सतरा वर्षांचा पोर अद्याप बालबुद्धीचा असून त्याच्या अंगी झुंजार वृत्ती नाही, असा कौल आपल्याविषयी मिळाला होता. आणि गारिंशा यांच्या अंगी जबाबदारीची जाणीव नाही, असा शेरा त्यांच्या वाट्याला आला होता. प्रशिक्षक व्हिसेन्ती फेओला यांनी तो कौल ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. तुम्हाला फुटबॉल कळत नाही, या मुलाचा गुडघा बरा असेल तर तो खेळेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे पेले सांगतात. १५ जून रोजी सोव्हिएत संघाविरुद्ध ते दोघेही मैदानात उतरले. २९ जून रोजी स्टॉकहोम येथे अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनवर ५–२ असा विजय मिळविला. त्या स्पर्धेत पेले यांनी सहा गोल केले.

या कथेवरून मानसशास्त्राची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केली. पण न्यायाने पाहिले तर दोष शास्त्राचा नसून त्याच्या वापराचा होता. चालकाची चाचणी त्याच्या कामाशी जोडलेली असते. वर्दळीच्या रस्त्यावर वाहन हाकण्यासाठी जो सावधपणा लागतो, तो मोजणारी चाचणी गोलच्या तोंडाशी तीन बचावपटूंना चकविणाऱ्या पोराची प्रतिभा कशी मोजणार? शिवाय येथेही मानसशास्त्रज्ञाला विचारलेला प्रश्न ‘या मुलाला साह्य कसे करावे’ हा नव्हता. ‘याला घ्यावे की वगळावे’ हा होता. प्रश्नच न्यायाधीशाचा असल्यावर उत्तर वैद्याचे कसे येणार?

तरीही हा व्यवसाय वाढत राहिला. सोव्हिएत संघात मॉस्को येथे रूदिक आणि लेनिनग्राड येथे पूनी यांनी शारीरिक शिक्षणाच्या संस्थांतून या विषयाचा पाया घातला. १९६५ साली रोम येथे खेळाच्या मानसशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. इटलीचे मनोविकारतज्ज्ञ फेरुच्चो आंतोनेल्ली हे तेथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टटको यांचा बिघडलेल्या खेळाडूंना कसे हाताळावे या विषयावरील ग्रंथ निघाला. त्याच वर्षी, १९६६ साली, ग्रिफिथ यांचे निधन झाले. ओगिल्व्ही आणि टटको यांची खेळाडूंच्या स्वभावाची प्रश्नावली अमेरिकेतील संघांत खूप चालली. पण प्रश्नावलीवरून यशस्वी खेळाडू आधीच ओळखता येतो, या समजुतीला पुरेसा आधार नाही, असे आक्षेप लवकरच येऊ लागले. निवडीसाठी मन मोजण्याचा मार्ग तिसऱ्यांदा अडला.

वाट बदलली ती १९७० नंतर. कोलोरॅडो येथील रिचर्ड सुइन यांनी बर्फावर घसरत जाणाऱ्या स्की-खेळाडूंना प्रथम अंग सैल सोडण्यास आणि मग डोळे मिटून संपूर्ण उतार मनातल्या मनात उतरण्यास शिकविले. नुसत्या कल्पनेनेही खेळाडूच्या स्नायूंत त्या उतारावरील वळणांशी जुळणारी सूक्ष्म हालचाल उमटते, हे त्यांनी विद्युत्-उपकरणाच्या साह्याने पाहिले. १९७६ सालच्या इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत ते अमेरिकन पथकासोबत होते. १९७९ साली रेनर मार्टेन्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना बजाविले की, प्रयोगशाळेचा पांढरा डगला उतरवून मैदानावर जाण्याची वेळ आली आहे. ग्रिफिथ तर अर्धशतकापूर्वीच मैदानावर गेले होते! फरक एवढाच की आता मानसशास्त्रज्ञ निवाडा देण्यासाठी येत नव्हता. श्वास, कल्पना, एकाग्रता यांची साधने खेळाडूच्या हाती देण्यासाठी येत होता. मन हेही स्नायूंप्रमाणे सरावाने घडते, हे एकदा मान्य झाले की मानसशास्त्रज्ञ आपोआप शिक्षकाच्या पंक्तीत बसतो.

भारतात ही विद्या आली तेव्हा तिला परके वाटण्याचे कारण नव्हते. चित्ताची चंचलता आणि अभ्यासाने तिचा निरोध हा विषय येथे योगशास्त्राने फार पूर्वी हाताळला होता. हा धागा क्रीडांगणाशी जोडणाऱ्यांत नाशिकचे भीष्मराज बाम यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पोलीस सेवेत मोठ्या पदावर काम केलेले बाम स्वतः नेमबाज होते. पातंजल योगातील श्वास आणि एकाग्रता यांची शिकवण आधुनिक मानसशास्त्राशी मिळवून त्यांनी नेमबाज अंजली भागवत, बिलियर्ड्सपटू गीत सेठी, क्रिकेटपटू राहुल द्रविड यांसारख्या अनेकांना मार्गदर्शन केले. त्यांचे ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक मराठीतच आहे. २०१७ साली त्यांचे नाशिक येथे निधन झाले.

नेमबाजीचा खेळ तर जणू मनाच्या परीक्षेसाठीच निर्माण झाला आहे. २००४ साली अथेन्स येथे अभिनव बिंद्रा दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत तिसऱ्या क्रमांकाने दाखल झाले आणि सातव्या क्रमांकावर फेकले गेले. चार वर्षांनी बीजिंग येथे शेवटच्या गोळीपूर्वी ते फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनच्या बरोबरीत होते. त्या क्षणी त्यांनी १०.८ गुणांची गोळी मारली आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. त्या चार वर्षांच्या तयारीत टिम हार्कनेस या दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञाचा वाटा होता. क्रिकेटमध्येही २००३ च्या विश्वचषकाच्या वेळी सँडी गॉर्डन यांनी भारतीय संघाला साह्य केले होते. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा पॅडी अप्टन हे संघासोबत होते. याच अप्टन यांचा आधार डी. गुकेश याला २०२४ साली सिंगापूर येथे बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळविताना झाला.

यशाच्या या यादीने मूळ प्रश्न मात्र मिटत नाही. किंबहुना २०२१ साली तो पुन्हा सर्व जगासमोर आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची सम्राज्ञी सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीच्या मध्यातून बाहेर पडली. हवेत गिरक्या घेत असता आपले शरीर कोठे आहे याचे भान तिला राहीना. तशा अवस्थेत उडी मारणे म्हणजे मान मोडून घेण्याचा धोका पत्करणे. रेड ग्रेंजच्या बाबतीत जे आपोआप चालत होते, तेच येथे आपोआप बंद पडले होते. अशा वेळी देशाचे पदक आणि खेळाडूचा जीव यांतून मानसशास्त्रज्ञाने काय जपावे? पूर्वीच्या मालकांनी ‘तिला उभी करा’ असे सांगितले असते. बाइल्स थांबली, आणि तिच्या निर्णयाला अनेकांनी पाठिंबा दिला. काही दिवसांनी ती तोल सांभाळण्याच्या दांड्यावर उतरून कांस्यपदक मिळवून गेली. २०२४ साली पॅरिस येथे तिने तीन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक पटकाविले. थांबण्याची मोकळीक मिळाली म्हणूनच तिला परतता आले, असे म्हणण्यास जागा आहे.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट वारंवार सिद्ध होते. मानसशास्त्रज्ञ मालकाचा डोळा झाला तेथे त्याला काहीच दिसले नाही. निवडीचा न्यायाधीश झाला तेथे तो चुकला. आणि जेथे खेळाडूने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने आपल्यापाशीच ठेवली, तेथे त्याचे शास्त्र फळाला आले. म्हणूनच आज या व्यवसायाच्या आचारसंहितेत गुप्ततेला मोठे स्थान आहे. पण वेतन अजूनही संघ देतो, पथक देते, सरकार देते. आणि पदकांची घाईही त्यांनाच असते. नियम लिहून ठेवणे सोपे. पराभवाच्या रात्री मालकाचा निरोप आला असता तो पाळणे अवघड.

आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून आता क्रीडासंकुले उभी राहत आहेत. तेथे येणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी फार थोडी पदकापर्यंत पोहोचतील. बाकीची घरी परततील. त्यांच्यासाठी नेमलेल्या मानसशास्त्रज्ञाची खरी कसोटी कदाचित त्या परतणाऱ्यांतच लागेल. हरलेले पोर त्याच्या खोलीतून बाहेर पडताना स्वतःला हलके समजत नसेल, आणि तेथे बोललेला शब्द दुसऱ्या दिवशी मैदानावर चर्चिला जात नसेल, तर ग्रिफिथ यांनी शंभर वर्षांपूर्वी आरंभिलेले काम योग्य हाती आले, असे समजावयास हरकत नाही.